आपलं दुःख, परका कॅमेरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी यांनी १९७२ साली चीन सरकारच्याच निमंत्रणावरून तिथं माहितीपट केला. जानेवारी १९७४ मध्ये 'पीपल्स डेली' त्यांच्यावर तुटून पडला. नानजिंगचा यांगत्से नदीवरचा भव्य पूल मुद्दाम वाकडा, डळमळता दाखवला आणि वर पुलाखाली वाळत घातलेली विजारही टिपली, अशी एक तक्रार होती. देशभर निषेध झाले. निषेध करणाऱ्या बहुतेकांनी तो माहितीपट पाहिलाही नव्हता. बीजिंगमध्ये तो जाहीरपणे दाखवला गेला २००४ साली!

विजारीचं हसू येतं. पण वऱ्हाडच्या माणसानं फार हसू नये. ऑगस्ट २०१० मध्ये 'पीपली लाइव्ह' आला. दिग्दर्शक अनुषा रिझवी, चित्रीकरण मध्य प्रदेशातलं. आपण मेलो तर घरच्यांना पैसे मिळतील म्हणून कर्जबाजारी नत्था मरायला तयार होतो आणि वाहिन्यांच्या गाड्या गावात घुसतात. शहरं हसली. विदर्भ जन आंदोलन समितीनं मात्र बंदी मागितली. शेतकरी भरपाईसाठी मरतो असा समज पसरेल, हा आक्षेप होता.

बंदी मला पटत नाही. चित्रपटाचा आसूड वाहिन्यांवर आणि पुढाऱ्यांवर होता. पण अमरावती, अकोला, यवतमाळकडची बाई आठवा. एक लाखाच्या मदतीसाठी नवऱ्याचं मरण 'पात्र' की 'अपात्र' हे सरकारी समिती ठरवणार. बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज दाखवा, वसुलीचा तगादा दाखवा. तोंडी घेतलेल्या कर्जाचा कागद तिनं कुठून आणायचा? 'पैशासाठी मेला' हे तिनं विनोद म्हणून कसं ऐकायचं?

चुकीचं दिसणं काय असतं, हे मलाही ठाऊक आहे. हिंदी पडद्यावरचा मुसलमान वर्षानुवर्षं शेरवानी घालून आदाब करत आला. आमच्या मोहल्ल्यात तसा माणूस मी लग्नातसुद्धा क्वचित पाहिला.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा. त्यातही हसू आहे. नवरा जिवाचं बरंवाईट करील या धास्तीनं बायको पोराला त्याच्या मागावर ठेवते. पण तिथली बोली आपली, वाट पाहायला लावणारा पाऊस आपला, म्हणून ते हसू झोंबत नाही. हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवातही गेला. इंग्रजी नावात 'गाभ्रीचा'चं झालं 'डॅम्ड'. शिवी पोचली, पण दुबार पेरणी करून आभाळाकडं पाहणारा माणूस हा शब्द ज्या सलगीनं उच्चारतो, ती इथंच राहिली.