कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा आराखडा

इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली लावला व न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. हे दोन्ही शोध इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लागले. शास्त्रज्ञांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात; परंतु ज्या वास्तूत त्यांनी काम केले ती कोणी व कोणत्या विचाराने आखली, हे सहसा कोणी सांगत नाही. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला तोच भाग अधिक बोधप्रद वाटतो.

केंब्रिज हे न्यूटनचे विद्यापीठ. तरीही १८७० पर्यंत तेथे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा नव्हती. तिकडे ग्लासगोमध्ये विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) मद्याच्या एका जुन्या तळघरात विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेत होते. केंब्रिजमध्ये मात्र गणिताचा दरारा एवढा, की हाताने प्रयोग करणे हे विद्वानांचे काम नव्हे असे अनेकांस वाटे. आयझॅक टॉडहंटर या नामांकित गणिताध्यापकांची एक गोष्ट सांगतात. प्रकाशाचा एक विशिष्ट चमत्कार प्रत्यक्ष पाहण्यासाठी कोणी त्यांना बोलावले, तेव्हा ते म्हणाले, हा विषय मी आयुष्यभर शिकवीत आलो आहे, आता तो पाहून डोक्यात गोंधळ नको! गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या काळची हवा कशी होती ते तीतून कळते.

१८६९ साली विद्यापीठाच्या समितीने प्राध्यापकाची जागा निर्माण करावी व प्रयोगशाळा बांधावी अशी शिफारस केली. इमारत व उपकरणे मिळून खर्चाचा अंदाज होता ६,३०० पौंड. हा पैसा कोणी द्यावा यावर कॉलेजांचे एकमत होईना. अखेर ऑक्टोबर १८७० मध्ये विद्यापीठाचे कुलपती, डेव्हनशायरचे सातवे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांनी ती रक्कम आपण देतो असे कळविले. ते स्वतः गणिताच्या परीक्षेत दुसरे आलेले गृहस्थ होते. मार्च १८७१ मध्ये प्राध्यापकपदी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांची निवड झाली.

मॅक्सवेल म्हणजे वीज, चुंबकत्व व प्रकाश यांना एका सूत्रात गुंफणारे थोर सिद्धांतकार. पण नेमणूक होताच त्यांनी समीकरणे बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या प्रयोगशाळा पाहण्यास सुरुवात केली. ग्लासगो पाहिले, ऑक्सफर्ड पाहिले. कोणती सोय उपयोगी पडते व कोणती अडचण होते, हे काम करणाऱ्यांनाच विचारले. मग विल्यम फॉसेट या वास्तुशिल्पकारासमवेत बसून नकाशा तयार केला. इमारत होईपर्यंत त्यांना स्वतःची वर्गखोली नव्हती. कधी रसायनशास्त्राच्या, कधी वनस्पतिशास्त्राच्या दालनात ते व्याख्याने देत. आपण कोकिळेसारखे दुसऱ्यांच्या घरट्यात फिरतो आहोत, असे त्यांनी विनोदाने लिहिलेही आहे.

त्या आराखड्यातील मुख्य प्रश्न होता कंपनाचा. विजेच्या सूक्ष्म मोजमापात गॅल्व्हानोमीटरच्या बारीक आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर पाहावा लागतो. खोलीतून कोणी चालले तरी ठिपका थरथरतो व मोजमाप वाया जाते. म्हणून चुंबकीय मोजमापांची खोली तळमजल्यावर घेतली आणि तेथील दगडी मेजांना स्वतंत्र पाया दिला. वरच्या मजल्यांवरील मेजेसुद्धा जमिनीच्या फळ्यांवर न टेकवता वेगळ्या तुळयांवर उभी केली. माणूस फळीवर चाले, मेज मात्र स्थिर राही. सूर्यकिरण आत घेणारे आरसे ठेवता यावेत म्हणून खिडक्यांना रुंद दगडी कट्टे ठेवले. मनोऱ्यात पन्नास फुटांहून अधिक उंचीवर पाण्याची टाकी बसविली. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने भांड्यांतील हवा काढून निर्वात पोकळी करता येई.

आपल्याकडे शाळेची इमारत बांधताना बहुधा दर्शनी भाग व नामफलक आधी ठरतो आणि उरलेल्या एखाद्या खोलीला प्रयोगशाळा हे नाव मिळते. पाण्याचा नळ कोठे हवा, हे स्लॅब पडल्यावर आठवते! कॅव्हेंडिशलाही गॉथिक पद्धतीचे देखणे दगडी प्रवेशद्वार होते. पण मेजांचे पाय त्याच्यासाठी अडून राहिले नाहीत.

१६ जून १८७४ रोजी इमारत विद्यापीठाच्या स्वाधीन झाली. एकट्या बांधकामाचाच खर्च ८,४५० पौंडांवर गेला होता. वाढीव भारही ड्यूकनेच उचलला. मॅक्सवेल यांनी स्वतःची उपकरणेही तेथे आणून ठेवली. १८७९ साली, अवघ्या ४८ व्या वर्षी, ते वारले.

एक गोष्ट मात्र या दूरदृष्टीच्या माणसाला रुचत नव्हती, ती म्हणजे प्रयोगशाळेत स्त्रियांचा प्रवेश. ते सुटीत स्कॉटलंडला गेले म्हणजे तेवढ्यापुरती मुलींना परवानगी असे. त्यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड रॅले यांनी १८८२ साली प्रयोगशाळेचे वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले केले. त्यासाठी एक वीटही हलवावी लागली नाही. आपल्या मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांनी हे साल ध्यानात ठेवावे.

रॅले यांच्याच विद्यार्थ्यांत आपले जगदीशचंद्र बोस होते. पुढे होमी भाभाही या प्रयोगशाळेच्या परिसरात घडले व मायदेशी परतून त्यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

कॅव्हेंडिशची जागा पुढे सतत अपुरी पडत गेली. १९०८ साली झालेल्या विस्तारासाठी रॅले यांनी आपल्या नोबेल पारितोषिकातून ५,००० पौंड दिले. त्यानंतरही इमारतींची भर पडतच राहिली. अखेर १९७४ साली, बरोबर शंभर वर्षांनी, प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेस हलविण्यात आली. २०२५ साली तेथे रे डॉल्बी सेंटर हे तिचे नवे घर उघडले. त्याच्या तळघरातील प्रयोगांपर्यंत बाहेरची कंपने पोहोचू नयेत, अशी खास तजवीज करावी लागली. फ्री स्कूल लेनच्या अरुंद गल्लीतील जुनी इमारत अजून उभी आहे. तिच्यात आता विद्यापीठाचे अन्य विभाग आहेत.