गुंगेरियाचा ताम्रनिधी : एक खड्डा आणि त्याच्या वाटण्या

१८७० साली गुंगेरिया गावाजवळ गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. जुने लोखंड समजून त्यांनी तो ओढला. खालच्या खड्ड्यात तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. नुसते तांबेच ८२९ पौंड भरले, म्हणजे सुमारे ३७६ किलो.

गुंगेरिया आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. हा जिल्हा ब्रिटिशांनी १८६७ पासून भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून घडवला. निधी सापडला तेव्हा ही जुळवाजुळव संपलीही नव्हती.

पुढे निधी फुटला. काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात (स्थापना १८६३, नागपूरकरांचा 'अजब बंगला') राहिल्या, काही कलकत्त्याला आणि काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. एकसारख्या दिसणाऱ्या कुऱ्हाडी म्हणजे वाटून टाकण्याजोगे 'नमुने', अशी ही दृष्टी होती.

नुकसान नेमके इथे आहे. खड्ड्यात तांबे थरांनी रचलेले होते आणि चांदी एका बाजूला एकत्र ठेवलेली होती. गंगा-यमुनेच्या दुआबात ताम्रनिधी पुष्कळ मिळाले, पण त्यांत चांदी नाही. गुंगेरियात मात्र बैलाच्या शिंगाळ मस्तकाच्या आकाराचे रुपेरी पत्रे आहेत. मग चांदी आणि तांबे एकाच काळातले का? एकाच हातांनी पुरलेले का? हे प्रश्न संपूर्ण निधी समोर ठेवूनच तपासता येतात, आणि तो तर तीन शहरांत विखुरलेला.

१८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. सरकारने तो घेतल्यास मोबदला ठरे धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. इतिहासाचे मोल असे तराजूत!

भंडाऱ्याचा अनुभवही वेगळा नाही. पवनीत मिळालेला महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा लेखयुक्त स्तंभ नागपूरच्याच संग्रहालयात आहे. स्वातंत्र्यानंतरही वाट तीच राहिली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. अजब बंगल्यातील कुऱ्हाडी जागच्या हलल्या नव्हत्या, पण त्यांचे गाव आता दुसऱ्या राज्यात होते.