माडाखालचें दुकान

कोणताहि धंदा नवा निघाला म्हणजे माल कसा करावा ह्यापेक्षां केलेला माल गिऱ्हाइकाला कळावा कसा, हीच विवंचना मालकाला अधिक असते. कापडवाल्याला दुकानापुढें लुगडीं टांगतां येतात, हलवायाच्या कढईचा वास गल्लीच्या टोंकापर्यंत जातो, पुस्तकवाला वर्तमानपत्रांत चार ओळी छापून मोकळा होतो. मद्य करणाराची गोष्ट निराळी. त्याचें गिऱ्हाईक त्याला शोधीत असतें; पण त्यानें मात्र गिऱ्हाइकाला हांक मारूं नये, असा बहुतेक समाजांचा संकेत आहे आणि आपल्याकडे तर तो कायद्यांतच लिहिलेला आहे. उद्यां एकाद्यानें अलिबागेच्या किंवा मुरुडच्या बाजूला बिअरचा लहानसा कारखाना काढला, तर तो लोकांना ठाऊक व्हावा कसा? प्रश्न आजचा दिसतो. परंतु ह्या किनाऱ्यावर तो फार जुना आहे, आणि त्याचीं उत्तरेंहि निरनिराळ्या काळीं निरनिराळीं मिळालेलीं आहेत.

युरोपांत ह्याला एक साधी युक्ति होती. मध्ययुगीन इंग्लंडांत एल नांवाची बिअर बहुधा घरोघरच्या बायका करीत. पिंप तयार झालें कीं दारावर एक काठी आडवी लावावयाची आणि तिच्या टोंकाला पाल्याची जुडी बांधावयाची. ही खूण पाहून शेजारी येत, आणि मालाची परीक्षा करणारा गांवचा अधिकारीहि येई. म्हणजे एकाच काठीनें गिऱ्हाईकहि बोलावलें जाई व सरकारहि. जर्मनींत बव्हेरियाच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलुखांत गांवची सामाईक भट्टी असते. तेथें पाळीपाळीनें बिअर करावयाची आणि ज्याची तयार झाली असेल त्यानें घरावर सहा कोनांचा तारा टांगावयाचा, ही चाल कांहीं गांवांत आजहि चालू आहे. पिंप संपलें कीं तारा उतरला. इतकी प्रामाणिक जाहिरात आमच्या तरी पाहण्यांत दुसरी नाहीं. कारण माल नसतांना ती करतांच येत नाहीं.

आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर (१९८१ च्या जानेवारीपासून ह्या जिल्ह्याला रायगड म्हणतात, पण जुन्या गोष्टी बोलतांना जुनेंच नांव तोंडांत येतें) काठीचीहि गरज नव्हती. माड हीच काठी. ज्या माडाला मडकें टांगलेलें दिसे तो माड काढणीला लागलेला, हें पोरालाहि कळे. माडी काढण्याची रीत वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. माडाची पोय उमलण्यापूर्वींच दोरीनें आवळून बांधावयाची, रोज हलक्या हातानें ठोकून ती मऊ करावयाची, शेंडा धारदार कोयत्यानें पातळ कापावयाचा आणि खालीं मडकें अडकवावयाचें. सकाळीं व संध्याकाळीं चढून मडकें उतरावयाचें आणि पोयीला पुन्हा नवी काप द्यावयाची. एक दिवस चुकला तर पाझर आटूं लागतो. भंडारी समाजांतील पिढ्यान्‌पिढ्यांची ही विद्या आहे, आणि ज्याला ती हलकी वाटत असेल त्यानें पावसाळ्यांत ओल्या माडाकडे एकवार मान वर करून पाहावें.

ह्या रसाचा स्वभावच त्याच्या बाजाराचा नियम ठरवीत असे. सूर्योदयापूर्वीं उतरलेला आणि चुन्याच्या मडक्यांत धरलेला रस म्हणजे नीरा. तो गोड असतो व चढत नाहीं. चुना नसला तर हवेंतील किण्व आपलें काम लगेच सुरू करतें. कांहीं तासांतच फेंस येतो, संध्याकाळीं ती माडी असते, आणि दुसऱ्या दिवशीं आंबट होऊन शिर्क्याच्या वाटेला लागते. अशा मालाला दूरचें गिऱ्हाईक उपयोगाचें नाहीं. तें पायीं येऊन प्यालें पाहिजे, आणि आजच प्यालें पाहिजे. म्हणून माडी काढणाराची कीर्ति दोनचार वाड्यांपलीकडे जात नसे. पण त्या वाड्यांत ती पक्की असे. अमक्याची माडी गोड, तमका पाणी घालतो, हें सर्वांस ठाऊक. गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत माडाच्या रसाला लोक सुरा म्हणतात आणि तो गाळून कडक दारू करतात हें नमूद केलें आहे. चौल-रेवदंड्याच्या बागांवर तेव्हां पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचा अंमल १७४० सालीं गेला, आंग्र्यांचें अलिबाग १८४० सालीं इंग्रजांनीं खालसा केलें; माडावर चढणारा चढतच राहिला.

त्याचा धंदा मोडला तो राज्यक्रांतीनें नव्हे, एका कायद्यानें. १८७८ सालचा मुंबईचा अबकारी कायदा हा ह्या इतिहासांतला खरा टप्पा होय. चार्ल्स प्रिचर्ड ह्या अधिकाऱ्याच्या पुढाकारानें ही पद्धत बसविण्यांत आली. तिचें तत्त्व सोपें होतें. लहान भट्ट्या शेंकडों असल्या तर त्यांवर नजर ठेवतां येत नाहीं आणि कर बुडतो. म्हणून गाळण्याचें काम थोड्या मोठ्या ठिकाणीं गोळा करावयाचें, विक्रीचा मक्ता द्यावयाचा, आणि जो माड काढणीला लागेल त्या प्रत्येकावर कर बसवावयाचा. माडीपासून घरगुती दारू गाळण्याचा भंडाऱ्यांचा धंदा ह्यानें बुडाला. ताज्या माडीसाठीं मात्र पुढें सरकारला थोडें नमतें घ्यावें लागलें. कर भरलेल्या माडाच्या बुंध्याशींच ती विकण्याचे परवाने निघाले; अबकारी खात्याच्या कागदपत्रांत ह्याला झाडाखालचें दुकान अशा अर्थाचेंच नांव आहे. ज्या गोष्टीला कालपर्यंत कोणाची परवानगी लागत नव्हती ती सवलत म्हणून परत मिळाली, आणि तीहि मोजून मापून.

मोठें ठिकाण कोणतें, तर उरण. उरण तेव्हां पनवेलबरोबर ठाणें जिल्ह्यांत मोडे; १८८३ सालीं हा मुलूख कुलाब्याकडे आला. मोहाचीं फुलें बाहेरून यावयाचीं, पारशी मालकांच्या भट्ट्यांत तीं गाळलीं जावयाचीं, सरकारी जकात भरून पिंपें मोरा बंदरांतून मुंबईस जावयाचीं. उरणच्या दारूला गिऱ्हाईक शोधावें लागलें नाहीं. मुंबई समोरच होती, आणि मक्तेदाराच्या दुकानांत दुसरा माल नव्हताच. चांगला कीं वाईट हा प्रश्न पिणाराच्या हातून गेला. लिलांवांत बोली कोणाची मोठी, एवढाच उरला. इतकेंहि पुरें न वाटून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला, कारण घरांत फुलें असलीं कीं रानांत भट्टी लागते. कातकरी-ठाकरांच्या घरीं तीं फुलें उन्हाळ्यांत पोटालाहि लागत, ही गोष्ट कायदा करणारांना ठाऊक नव्हती असें नाहीं.

दारूबंदीच्या चळवळींतील आपल्या थोर मंडळींनीं सरकारवर जो आक्षेप घेतला तो हाच, कीं मक्ता वाढला तो महसुलासाठीं. तो आक्षेप आम्हांस खरा वाटतो. पण त्याच्या पोटांत दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे लक्ष गेलें नाहीं. मक्त्यानें पिणें थांबलें नाहीं. पिणारा आणि करणारा ह्यांची ओळख तेवढी तुटली. माडी वाईट निघाली तर भंडाऱ्याला दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें जावें लागे. उरणच्या पिंपाला तोंड नव्हतें.

तोंड नसलेल्या पिंपाला नांव कसें द्यावें, ही कला बिअरवाल्यांनीं शोधून काढली. लंडनमधील बो येथील हॉजसन ह्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांच्या गोदीजवळ होती. गलबतांच्या कप्तानांना तो वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर पिंपें देई, आणि कप्तान तीं कलकत्त्या-मुंबईस विकीत. त्यानें हिंदुस्थानांत एकहि दुकान मांडलें नाहीं. कप्तान हेच त्याचे अडते झाले. पुढें बर्टन गांवच्या कारखान्यांनीं त्याला मागें टाकलें, आणि त्यांतल्याच बासचा तांबडा त्रिकोण इंग्लंडांत १८७६ च्या १ जानेवारीस पहिलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेला. बाटली दहा हजार मैलांवर गेली तरी त्रिकोण बरोबर जातो. लहान भट्टीवाल्याला माडाखालीं जें विश्वासाचें नातें फुकट मिळत होतें, तेंच मोठा कारखाना पैसे खर्चून चित्रानें उभें करूं लागला.

ह्यानंतर स्वराज्य आलें, आणि त्याबरोबर १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा. १९५० च्या ६ एप्रिलपासून सबंध प्रांतांत बंदी अमलांत आली. ह्या कायद्याचें तेविसावें व चोविसावें कलम आमच्या विषयाच्या मुळाशीं आहे. मादक पदार्थाची स्तुति करणें, तो घ्या म्हणून विनविणें, तो देऊं करणें, अशी जाहिरात छापणें हें सर्व त्यांनीं गुन्हा ठरविलें. फ्रॅम नुसरवानजी बलसारा नांवाच्या गृहस्थांनीं हायकोर्टांत दाद मागितली. त्यांच्या मागणींत व्हिस्की-बिअर होतीच, पण सुवासिक कोलनवॉटर व औषधी द्रव्यें हींहि होतीं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें आणि १९५१ च्या मे महिन्यांत निकाल लागला. बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायमूर्तींनीं मान्य केला. पण 'स्तुति करणें' हा शब्द ज्या कलमांत होता तेथें तो भाषणस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द ठरविला. विनविणें आणि देऊं करणें ह्यांवरची बंदी राहिली.

हा भेद वरवर पाहणाराला वकिली वाटेल. आम्हांस तो फार मार्मिक वाटतो. चांगली वाटली तर चांगली म्हणण्याचा हक्क पिणाराला आहे. 'या आणि घ्या' असें म्हणण्याचा हक्क विकणाराला नाहीं. म्हणजे मक्त्यानें जी ओळख तोडली, तीच एवढ्या एका शब्दावाटे कायद्यांत परत शिरली. गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला सांगेल, आणि करणारानें गप्प बसून आपला माल नीट करावा. माडाखालीं हेंच चालत होतें.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल होत गेली, परवान्याची पद्धत रूढ झाली. कायद्याच्या दृष्टीनें पिणाराला परवाना आजहि लागतो. जाहिरातीवरचें बंधन मात्र घट्टच झालें. २००० सालीं दूरचित्रवाणीवरच्या उघड जाहिरातींस मनाई झाली. १५ डिसेंबर २०१६ रोजीं सुप्रीम कोर्टानें महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत दारूविक्रीस बंदी केली आणि महामार्गांवरच्या पाट्याहि काढावयास लावल्या. पुढील वर्षीं लहान गांवांसाठीं हें अंतर २२० मीटर झालें. पनवेलपासून पोलादपूरपर्यंत गोव्याचा रस्ता ज्या जिल्ह्यांतून जातो, तेथें ह्या हुकुमाचा अर्थ काय झाला असेल हें सांगावयास नको. अपघातांत माणसें मरत होतीं, तेव्हां हुकूम अन्यायाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु बंधन एकच असलें तरी त्याचें ओझें सर्वांवर सारखें पडत नाहीं. मोठ्या कारखान्यानें सोड्याची बाटली, पाण्याची बाटली, गाण्यांची तबकडी ह्यांवर तेंच नांव व तेंच चित्र छापलें, आणि क्रिकेटच्या सामन्यांत तें घरोघर पोंचविलें. सोडा किती खपला ह्याची फिकीर त्याला नाहीं. लहान कारखानदाराजवळ सोडाहि नाहीं आणि चित्रहि नाहीं. जाहिरात बंद करून जुन्या नांवांनाच कुंपण घालून देणें, हा ह्या बंधनाचा न बोललेला परिणाम आहे.

तरी मार्ग अगदींच खुंटलेला नाहीं. २००९ सालीं पुण्यास 'डूलाली' ह्या नांवानें देशांतली पहिल्यांतली एक लहान ब्रुअरी निघाली. इंग्रज शिपाई देवळालीच्या छावणींत बोटीची वाट पाहून वेडे होत, त्या देवळालीचेंच हें मोडकें रूप. जेथें बिअर करावयाची तेथेंच ती ताजी पाजावयाची, तांब्याचें भांडें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, आणि करणारा माणूस हाक मारण्याच्या अंतरावर. परदेशची म्हणून कौतुक झालेली ही कल्पना अबकारी खात्याच्या झाडाखालच्या दुकानाहून फारशी वेगळी नाहीं. भाव तेवढा वेगळा. ह्या कारखान्यांना गिऱ्हाइकें मिळालीं तीं बहुतेक एकानें दुसऱ्याला आणल्यामुळें. पहिला येतो तो कुतूहलानें. दुसऱ्यांदा तो मित्राला घेऊन येतो, आणि मित्रासमोर आपली निवड खोटी पडूं नये म्हणून मालाची तरफदारीहि करतो.

अलिबागेच्या बाजूस नवा कारखाना काढणाराला किनाऱ्यानें एक अनुकूलता दिलेली आहे. मुंबईहून मांडव्यास लाँची पूर्वींपासून येतात; मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मोटारी घेऊन येणारी मोठी बोटहि सुरू झाली. उरणच्या काळीं माल मुंबईस जाई. आतां मुंबईच पिण्यासाठीं इकडे उतरते, आणि बिअर शिळी होण्यापूर्वीं पोंचविण्याची चिंता राहत नाहीं. बोटीवर चिठ्ठ्या वांटणें कायद्यांत बसणार नाहीं. पण उतारूंना खोल्या देणारी नागांव-किहीमची घरवाली, रिक्षावाला, खानावळीचा मालक, ह्यांना कोणी विचारलें तर ते वाट सांगणारच, आणि त्यांनीं ती सांगावी कीं नाहीं हें त्या कारखान्याच्या वागणुकीवर ठरेल. सांडपाणी कोठें सोडलें, रात्रीं किती वाजतां दार लावलें, गांवच्या बायकांना त्या रस्त्यानें निर्धास्त जातां येतें कीं नाहीं, हें त्या घरवालीला बिअरच्या चवीच्या आधीं कळतें. माडाखालीं बसणाऱ्या भंडाऱ्यालाहि ह्याच शेजाऱ्यांत दिवस काढावे लागत. त्याचे माड आजहि त्या बागांत उभे आहेत, पण त्यांवर चढणारे हात कमी होत चालले आहेत; आणि ताज्या माडीची ओळख नसलेलें गिऱ्हाईक मांडव्याच्या धक्क्यावर उतरून त्याच बागांमधून बिअरचा पत्ता विचारीत जाईल.