पोकळीची राखण

कालमापनाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. घटिकापात्र, लंबक, स्फटिक, अणू अशी चढती भाजणी मांडली की विषय संपला असे वाटते. ही साधने चालती ठेवणाऱ्यांचा इतिहास त्यात क्वचितच येतो. जुन्या सीझियम घड्याळांच्या निमित्ताने त्या बाजूचा विचार करावासा वाटतो.

1955 साली इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे एसेन आणि पॅरी यांनी सीझियमचे पहिले भरवशाचे घड्याळ चालवले. 1964 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ते पेटीत बसवून विक्रीस आणले. 1967 साली सेकंदाची व्याख्याच बदलली. पृथ्वीच्या गतीऐवजी सीझियम अणूच्या प्रारणाची 9,19,26,31,770 आवर्तने म्हणजे एक सेकंद, असे ठरले.

या घड्याळाचा प्राण म्हणजे त्यातील बंद नळी. सीझियम 28.5 अंश सेल्सियसला वितळतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तो द्रवरूपच राहील. नळीतील लहानशा भट्टीत तो तापतो आणि त्याच्या अणूंची शलाका दुसऱ्या टोकाकडे निघते. वाटेत हवेचे रेणू आडवे आले तर ती विखुरते, म्हणून नळीत पोकळी लागते.

पोकळी एकदा करून मात्र भागत नाही. नळीच्या धातूतून वायू हळूहळू सुटतात, सूक्ष्म गळतीही असते. त्यासाठी नळीलाच आयन पंप जोडलेला असतो. काही हजार व्होल्टचा विद्युतदाब उरलेल्या रेणूंचे आयन करतो. ते टायटॅनियमच्या पट्टीवर आदळतात आणि उडालेले टायटॅनियम वायूला बांधून ठेवते. पंपातील प्रवाह जितका कमी तितकी पोकळी चांगली, हा जाणकारांचा ठोकताळा.

त्यामुळे विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडलेली नळी जपली जात नाही, ती आतून बिघडत जाते. म्हणून ठेवणीतल्या नळीचा पंप अधूनमधून चालवावा लागतो. बराच काळ बंद राहिलेले घड्याळ सुरू करताना आधी फक्त पंप चालू करायचा, प्रवाह उतरेपर्यंत थांबायचे आणि मगच भट्टी तापवायची. येथे उतावीळपणा नळीच्या जिवावर बेतू शकतो.

याचा आपल्याशी संबंध काय? 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ पुढे अनेक दशके त्या शहराने सोडली नाही. शेंदूरजनाघाटचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे 17 मिनिटे मागे चालतो. ही एक वेळ सर्वांची झाली ती सरकारी निर्णयाने. ती टिकते मात्र राखणीने. आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर यांच्या आधारे ती सांभाळली जाते.

आमच्या गावच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणे हे कसब मानले जाते, पण कलम जगते ते नंतरच्या देखभालीने. आपल्या संस्थांत उपकरण आले की हार घालून त्याचे उद्घाटन होते. ते रोज पाहणाऱ्या साहाय्यकाचे नाव कोनशिलेवर नसते. विज्ञानाचा इतिहास शिकवताना त्याच्या नोंदवहीलाही साधनग्रंथाचा मान द्यायला हवा. पोकळी किती उरली आहे, हे त्या वहीतील आकडेच सांगतात.