बेवारस की अमानत?

रेल्वेच्या डब्यात कुणाची पिशवी राहून गेली, की तिला दोन नावं मिळू शकतात. एक ‘बेवारस’ आणि दुसरं ‘अमानत’. दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. ज्याला वारस नाही ते बेवारस, आणि दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळायला आपल्याकडे आलेली, ती अमानत. मराठीने या शब्दातल्या अक्षरांची अदलाबदल करून ‘अनामत’ केलं आणि ते निवडणुकीच्या अर्जापासून घरभाड्याच्या करारापर्यंत नेऊन बसवलं. पिशवी एकच, पण ती उचलणारा तिच्याकडे कोणत्या शब्दातून पाहतो, यावर पुढचं सारं अवलंबून असतं.

हे ‘सारं’ केवढं असू शकतं, याचा एक दाखला साहित्याच्या इतिहासात आहे. मे १९१२ मध्ये रवींद्रनाथ टागोर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. आपल्या कवितांचे त्यांनी स्वतःच केलेले इंग्रजी अनुवाद सोबत होते. लंडनमध्ये ही वही चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन यांना द्यायची होती. ज्या बॅगेत ती होती, ती त्यांचे पुत्र रथींद्रनाथ यांच्या हाती होती. भुयारी रेल्वेने मुक्कामाच्या हॉटेलकडे जाताना ती गाडीतच राहिली. वही मागितली गेली तेव्हा हे लक्षात आलं. धास्तावलेले रथींद्रनाथ रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात धावले, आणि बॅग तिथे होती! हा प्रसंग त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

पुढचं आपण जाणतो. वही रोथेनस्टाइन यांच्याकडून कवी येट्स यांच्याकडे गेली. नोव्हेंबर १९१२ मध्ये इंग्रजी ‘गीतांजली’ येट्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, आणि वर्षभरात, नोव्हेंबर १९१३ मध्ये, रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. येट्स आणि रोथेनस्टाइन यांची नावं या कथेत नेहमी येतात. ती बॅग उचलून कार्यालयात पोचवणाऱ्याचं नाव मात्र इतिहासात आलं नाही. त्याला तरी कुठे ठाऊक होतं, की आपल्या हातात काय आहे?

दर वेळी असं घडत नाही. त्यानंतर सात वर्षांनी, १९१९च्या अखेरीस, अरबस्तानातल्या लढ्यामुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या रेडिंग स्थानकावर गाडी बदलत होते. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा बहुतेक भाग असलेली त्यांची बॅग तिथे गेली, ती कायमची. युद्धकाळातली टिपणंही त्यांनी लिहिता लिहिता नष्ट केली होती. हरवलेला भाग त्यांना आठवणीतून पुन्हा लिहावा लागला. पहिल्या वहीला अमानत मानणारा हात भेटला, दुसऱ्या बॅगेला भेटला नाही.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. गाडी आली तसा सामानाच्या जबाबदारीचा प्रश्नही आला. आजचा रेल्वे कायदा १९८९चा. त्याचं कलम १०० सांगतं की, सामान बुक करून पावती घेतलेली नसेल तर ते हरवल्यास रेल्वे जबाबदार नाही. प्रवाशाने जवळ बाळगलेल्या सामानाबाबत तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे आपण बाकाखाली विसरलेल्या पिशवीची भरपाई कायद्याने मिळणं कठीण. ती परत येते ती माणसांच्या साखळीमुळे. कुणी ती पाहतो आणि कळवतो, कुणी उघडून आतल्या वस्तूंची यादी करतो, कुणी नोंदवहीत गाडी आणि डबा लिहितो, कुणी कुलूपबंद ठेवतो. या साखळीतली एक कडी निसटली, की पिशवी गेली.

११ जुलै २००६ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसं गेली. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना त्याआधीही होत होतीच. पण त्या संध्याकाळनंतर तिचा अर्थ प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर आला. विसरलेल्या पिशवीकडे आपण आधी भयाने पाहू लागलो. हे भय खोटं नाही आणि त्यातली सावधगिरीही योग्यच आहे. पण पिशवी तपासून निर्धोक ठरली, की तिथे भयाचं काम संपायला हवं. तिथून ती पुन्हा कुणाची तरी असते.

म्हणूनच रेल्वे सुरक्षा बलाने या कामाला ‘ऑपरेशन अमानत’ हे नाव दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. सापडलेल्या सामानाची छायाचित्रं आणि तपशील संकेतस्थळावर ठेवण्याची सोय पश्चिम रेल्वेने २०२२ मध्ये केली. सामान विसरलं असेल तर १३९ क्रमांकावर लगेच कळवावं; गाडीचा क्रमांक, डबा आणि आसन सांगता आलं, तर पुढच्या स्थानकावर ते उतरवून घेता येतं. सामान चोरीला गेलं असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे करायची. त्यासाठी प्रवास मध्येच सोडण्याची गरज नसते, तक्रारीचा अर्ज तिकीट तपासनिसाकडेही मिळतो. ज्यांना एखादी पिशवी दिसते त्यांनी हात न लावता कळवायचं. भय आणि विश्वास, दोन्हींचं काम इथे एकच आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवहीत मावत नाही. सापडलेल्या सामानाची किंमत रुपयांत मांडली जाते. त्या हिशेबात मोबाइल महाग आणि कागदाची वही फुकट. मालक आलाच नाही, तर मोबाइलला लिलावात गिऱ्हाईक मिळेल. वहीला कोण घेणार? पण दहावीचं प्रमाणपत्र, दवाखान्याचे जुने रिपोर्ट, वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो, हे ज्याचं हरवतं त्यालाच त्याचं मोल कळतं. १९१२ साली लंडनच्या त्या कार्यालयात कुणी किंमत मांडली असती, तर ‘गीतांजली’च्या वहीपुढे चार-दोन पेनीच लिहिल्या असत्या. तरीही ती जपून ठेवली गेली. वस्तूची किंमत पाहून अमानत पाळायची नसते. ती दुसऱ्याची आहे, एवढं पुरेसं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)