खाँसाहेबांचे मराठी घर

नागपूरच्या इतवारीत सराफा, धान्य आणि कापडाचे सौदे वऱ्हाडी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा सगळ्या बोलींत होतात. मोमीनपुरा तिथून जवळच. एकाच वाक्यात दोन भाषा बोलणे इथल्या माणसाला नवे नाही. म्हणूनच पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'तील खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची उर्दूमिश्रित बोली आम्हाला परकी वाटत नाही.

दारव्हेकर (१९२६-१९९९) नागपूरचे. लोक त्यांना 'मास्तर' म्हणत. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायाची वाट न पाहता त्यांनी 'रंजन कला मंदिर' उभे केले आणि हौशी कलावंतांना घेऊन स्वतःच्या बळावर नाटके केली. कामूच्या 'कालिगुला'वरून त्यांनी 'चंद्र नभीचा ढळला' लिहिले. १९६७ साली 'कट्यार' रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, तेही नागपुरातच घडलेले.

मराठी रंगभूमीवर मुसलमान बहुधा शत्रू, सरदार नाहीतर पहारेकरी म्हणून येई. दारव्हेकरांनी त्याला घराणे दिले, गळा दिला, अहंकार दिला आणि वेदनाही दिली. प्रतिस्पर्धी पंडितजींच्या शिष्याला, सदाशिवला, खाँसाहेब विद्या देत नाहीत. तरीही प्रेक्षक त्यांचा द्वेष करीत नाही, कारण त्यांचे गाणे खरे आहे.

पण एक गोष्ट आपण विसरू नये. नाटकातले उस्ताद विद्या रोखतात. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या उस्तादांनी ती दिली. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँ यांनी सवाई गंधर्वांना घडवले. कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँ यांच्याकडे केसरबाई आणि मोगूबाई शिकल्या. खुद्द वसंतराव लाहोरला असद अली खाँ यांच्यापाशी बसले होते. म्हणजे खाँसाहेबांचे सोंग घेणाऱ्या गळ्यातच एका उस्तादाची देणगी होती!

२०१५ साली या नाटकावर चित्रपट निघाला. त्यातला खाँसाहेब अधिक काळा रंगवला गेला, असे अनेकांचे मत झाले. आमचेही तेच आहे. नव्या पिढीला बहुधा तोच ठाऊक आहे. म्हणून आमच्या मुलांनी मूळ नाटक वाचावे, शक्य झाल्यास पाहावे. नागपूरच्या एका मास्तराने मराठीत एका उस्तादाला सन्मानाने बसवले. ती जागा राखणे आता आपल्याही हाती आहे.