मृतांचें पुस्तक : धर्मग्रामाची दुसरी दफनभूमि



आपल्या चर्चची इमारत कशी उभी राहिली, येथें कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली आणि कोणत्या दात्यांनीं हात सैल सोडला, हें या ज्युबिली अंकांत इतरत्र सविस्तर आलें आहे. मला मात्र आज एका निराळ्याच वास्तूविषयीं लिहावयाचें आहे. ती विटा-चुन्याची नसून कागदाची आहे. चर्चच्या कचेरींतील लांकडी कपाटांत बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्यांशेजारीं ती मुकाट्यानें उभी असते. आपण तिला मृत्युनोंदवही म्हणतों. जुने पाद्री तिला लॅटिन भाषेंत 'लिबेर देफुंक्तोरुम', म्हणजे मृतांचें पुस्तक, म्हणत. दफनभूमींतील लांकडी क्रूस कुजतात, दगडावरील अक्षरें पावसानें झिजतात, आणि जागा अपुरी पडली कीं जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात. या पुस्तकांत मात्र माणूस नांवगांवासह टिकून राहतो. म्हणून मी त्यास धर्मग्रामाची दुसरी दफनभूमि समजतों.

हें पुस्तक ठेवण्याची शिस्त जुनी आहे. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाहाची नोंदवही ठेवणें धर्मगुरूंना बंधनकारक केलें. पुढें १६१४ सालीं पोप पांचवे पॉल यांच्या आज्ञेनें रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यांत मृत्यूची नोंद कशी लिहावी याचा नमुना घालून देण्यांत आला. मृताचें नांव, आईबापांचें नांव, गांव, वय, कोणाच्या घरीं देह ठेवला, पापनिवेदन कोणत्या दिवशीं केलें, अखेरचें ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग मिळालें कीं नाहीं, आणि देह कोठें पुरला, इतकें त्यांत लिहावयाचें असे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या नमुन्यांत मृत्यूचें कारण विचारलेलेंच नाहीं. माणूस कशानें मेला यापेक्षां तो कोणत्या स्थितींत देवाकडे गेला, याची ख्रिस्तसभेला अधिक काळजी होती.

आपल्या वसई प्रांतांत या वह्यांचें नशीब राज्यांच्या नशिबाबरोबर फिरत राहिलें. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे आली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें ती घेतली. त्या धामधुमींत अनेक चर्चें ओस पडलीं. आणि छप्पर कोसळलें म्हणजे त्याखालील कागद कोठून वांचणार! तेव्हां आपल्या वंशावळीचा धागा त्या काळापलीकडे जात नाहीं म्हणून कोणी खंत करूं नये. पुढें १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत स्थापन झाला व आपला भाग त्याच्या अधिकाराखालीं आला. १९२८ सालीं तो मुंबईच्या महाधर्मप्रांताला जोडला गेला. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वांत आला. हा तपशील नुसत्या पाठांतराचा नव्हे. १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेनें वह्यांची एक प्रत दरसाल बिशपांच्या कचेरीकडे धाडण्याचा नियम केला होता. तेव्हां आपल्याकडील एखादें पान वाळवीनें खाल्लें असल्यास, त्या वर्षीं आपण कोणत्या धर्मप्रांतांत होतों हें पाहून प्रतीचा शोध तेथें करावा.

आपल्या पुस्तकांतील सर्वांत जड पानें १९१८ सालचीं आहेत. ज्या रोगास आपले आजे-पणजे 'मानमोडी' म्हणत, तो इन्फ्लुएन्झा त्या वर्षीच्या जूनमध्यें मुंबईंत शिरला आणि पावसाळा सरतांना दुप्पट त्वेषानें परत आला. एकट्या मुंबई शहरांत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं ७६८ मृत्यु नोंदले गेले. आजच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या १९११ सालीं सुमारें २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ सालीं २५ कोटी १३ लाखांवर आली. शिरगणतीच्या इतिहासांत लोकसंख्या घटल्याचें हें एकच दशक होय. हे आंकडे वाचून माणसाचें मन हलत नाहीं. परंतु आपल्या वहींतील त्या दोन महिन्यांचीं पानें उघडलीं म्हणजे अक्षर घाईचें झालेलें दिसतें, शाई पातळ झालेली दिसते, एकाच घरांतील नांवें एकाखालीं एक येतात, आणि संस्कारांच्या रकान्यांत 'वेळ मिळाला नाहीं' अशा अर्थाचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तरीही तो अनामिक पाद्री लिहीत राहिला. दिवसभर प्रेतें पुरून रात्रीं तो दिव्यापाशीं बसला म्हणूनच आज त्या मृतांचीं नांवें आपणांस वाचतां येतात.

आतां एक गोष्ट कबूल केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. मी नवखा साहाय्यक धर्मगुरु असतांना, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, मुसळधार पावसाच्या एका संध्याकाळीं मीं एका शेतकऱ्याचें दफन केलें. परत येतों तों अंधार पडला होता, वीज गेली होती, आणि 'उद्यां सकाळीं लिहूं' असें म्हणून मीं वही मिटली. तें 'उद्यां' उगवलेंच नाहीं. अठरा वर्षांनीं त्या शेतकऱ्याचा मुलगा माझा पत्ता काढीत आला. सात-बाराच्या उताऱ्यावर बापाचें नांव अद्याप तसेंच होतें, आणि वारसनोंदीसाठीं मृत्यूचा दाखला हवा होता. ग्रामपंचायतींत नोंद नव्हती. कारण घरच्यांची समजूत अशी कीं, फादरांनीं लिहिलें म्हणजे झालें. आणि फादरांनीं तर लिहिलेंच नव्हतें ! "फादर, तुम्हींच माझ्या बाबांना मूठमाती दिलीत ना ?" एवढेंच तो म्हणाला. त्याच्या आवाजांत राग नव्हता, म्हणून तो प्रश्न मला अधिक लागला.

मग शोध सुरू झाला. मिस्सांच्या वहींत महिन्याच्या मिस्साची मागणी सांपडली, कबर खणणाऱ्यास दिलेल्या मजुरीची पावती सांपडली, दगडावरील तारीख जुळली. दोन शेजाऱ्यांनीं व मीं प्रतिज्ञापत्रें केलीं. त्या वेळीं एक वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद करण्यास प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे. तो मिळेपर्यंत त्या गरिबाच्या अनेक दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलें. दोन मिनिटांचें काम मीं टाळलें आणि त्याचें व्याज त्यानें भरलें. त्या धर्मग्रामाच्या वहींतही ती नोंद मीं उशिरा कां होईना केली. परंतु मागची तारीख न घालतां, लिहिल्याची खरी तारीख व विलंबाचें कारण समासांत नमूद करून. वहींत खोटें लिहिणें हें न लिहिण्यापेक्षां वाईट.

या अनुभवावरून दोन वह्यांमधील भेद सर्वांनीं नीट समजून घ्यावा. चर्चचा उतारा हा पुरावा आहे. तो सरकारी दाखला नव्हे. १८८६ च्या कायद्यानें ख्रिस्ती धर्म मानणाऱ्यांना मृत्युनोंदीची सोय करून दिली होती, परंतु ती ऐच्छिक होती. १९६९ चा कायदा झाल्यापासून मात्र नोंद सक्तीची आहे. घरीं मृत्यु झाल्यास घरच्या कर्त्या माणसानें, व इस्पितळांत झाल्यास तेथील अधिकाऱ्यानें, २१ दिवसांच्या आंत खबर द्यावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडतें. एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. आणि त्याहून उशीर झाल्यास, १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें, जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनीं अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा हुकूम लागतो. दुसरें असें कीं, मृत्यु जेथें घडला तेथेंच तो नोंदला जातो. आपला माणूस मुंबईच्या इस्पितळांत वारला असतां त्याचा दाखला वसईंत शोधणें व्यर्थ होय.

जुनी नोंद शोधणाऱ्यानें प्रथम वर्षाचा अंदाज बांधावा. लग्नाच्या वहींत एखादी स्त्री 'विधवा' म्हणून पुन्हा विवाहबद्ध झालेली दिसली, तर पहिल्या पतीचा मृत्यु त्या तारखेपूर्वींचा, हें उघड आहे. नांवांचीं रूपें ओळखावीं : घरचा बस्त्याव पोर्तुगीज नोंदींत सेबास्तियांव होतो, आणि घरचा जुजे लॅटिन नोंदींत योसेफुस. चर्चमध्यें पत्ता न लागल्यास तालुक्याच्या अभिलेखकक्षांत गांव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची गांववही, पाहण्यास मागावी. जुन्या नोंदी मोडी लिपींत असल्यास जाणकारास बरोबर न्यावें. आपला तालुका २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, हेंही विसरूं नये. निबंधकाकडे फी भरून कोणासही मृत्युनोंदीचा उतारा मागतां येतो. मात्र त्यांत मृत्यूचें कारण उघड करण्यास कायद्याची मनाई आहे. मृताची अब्रू सरकारही राखतें, ही समाधानाची गोष्ट आहे.

ज्युबिलीच्या वर्षीं आपणां सर्वांस माझी एक विनंति आहे. घरांत मृत्यु झाला कीं अश्रु आवरतांच दोन दारें ठोठवावीं : एक चर्चचें, दुसरें निबंधकाचें. तसेंच ज्यांच्या घरीं जुनीं प्रार्थनापुस्तकें असतील, त्यांनीं त्यांच्या कोऱ्या पानांवर आजोबांनीं लिहून ठेवलेल्या तारखा कचेरींत आणून दाखवाव्या. त्या ताडून पाहून, जीं नांवें राहिलीं असतील तीं आपण खऱ्या तारखेनिशीं समासांत नोंदवूं. येत्या नोव्हेंबरांत, सर्व मृतांच्या महिन्यांत, हें पुस्तक वेदीपाशीं ठेवून त्यांतील मृतांसाठीं मिस्सा अर्पण करण्याचा माझा मानस आहे. माझ्या हातून जें नांव एकदां सुटलें, त्या नांवानें त्या दिवशींच्या प्रार्थनेस मी आरंभ करीन.